विहिरीचा नंबर

आमच्या विहिरीला मध्यंतरी रोज शंभर मेसेज पाठवायची मुभा मिळाली होती. शिवाय देशभरात कुणाशीही, वाटेल तितका वेळ बोलायची सोय, आणि वर रोजचा दीड जीबी डेटा. विहीर कुरुंद्याच्या पुढे, आमच्या गावच्या ओढ्यापलीकडे. तिच्या काठावर एक पत्र्याची पेटी, पेटीत मोटरीचा स्टार्टर, आणि स्टार्टरला जोडलेल्या यंत्रात एक सिम कार्ड. त्या सिमला काम एकच. आईची रिंग आली की मोटर चालू करायची, पुन्हा आली की बंद करायची. बोलायचं नाही, ऐकायचं नाही, फोन उचलायचासुद्धा नाही. पण मोबाइल कंपनीचं म्हणणं असं, की घ्यायचं तर सगळं ताट घ्या, नाहीतर रिंगही विसरा.

लोक हे ऐकून हसतात, म्हणून आधीच सांगते, मी हे हसत सांगत नाहीये. माझं डोकं अजून तापलेलं आहे.

वडील गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण आईला एकच सल्ला देऊन जात होता, की शेत बटईनं देऊन टाका. दुसऱ्यानं कसायचं, पीक निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं. भाऊ पुण्याला नोकरीला, मी हिंगोलीला शाळेत शिकवते, आणि आईचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. घरापासून विहिरीपर्यंत जायचं तर ओढ्यात उतरायचं, मग पलीकडची चढण चढायची. नुसतं बटण दाबून परत यायला तिचा अर्धा दिवस जायचा.

काकांचं शेत आमच्या बांधाला लागून. माणूस वाईट नाही. वडिलांच्या आजारपणात रात्रंदिवस तेच धावले. पण ते आईला म्हणाले, वैनी, तुमी आता बसून खा, मी करतो. ते ‘बसून खा’ आईला फार लागलं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या शेतात खुरपं चालवलं होतं. पाणी कधी सोडायचं, खत कधी टाकायचं, हे दुसरे ठरवायचे आणि ही वाकून काम करायची. वडिलांनी पै-पै जोडून ही दोन एकर घेतली तेव्हा कुठे ठरवायचं काम तिच्याकडे आलं. खुरपायला बाया लावता येतात, हळद काढायला, शिजवायला माणसं मिळतात. पाणी मात्र मालकानं ठरवायचं असतं, असं ती म्हणायची. पाण्याचं ठरवायला जो विहिरीवर उभा राहील, तोच शेताचा मालक. म्हणून मोटर हा तिच्या दृष्टीनं मोटरीचा प्रश्नच नव्हता.

मग वसमतच्या एका दुकानदारानं ते मोबाइलवालं यंत्र बसवून दिलं. आईला त्यानं नीट शिकवलं. फोनवर दोनचं बटण दाबून धरायचं, दोन रिंगा गेल्या की कट करायचं. मी तिच्या साध्या फोनमध्ये तो नंबर ‘मोटर’ या नावानं टाकून दिला. चौथीपर्यंत शिकलेली असल्यानं एवढं तिला वाचता यायचं. जाता जाता तो दुकानदार आणखी एक गोष्ट बोलला. भारीतली यंत्रं मोटर चालू झाली की उलटा फोन करून कळवतात. आपलं साधं आहे, सिममध्ये बॅलन्सही नाही, त्यामुळे ते कळवणार नाही. पण कधी आलाच मोटरीचा फोन, तर उचलत बसू नका मावशी, मोटर लागली असं समजायचं. हे वाक्य मी विसरून गेले. आई विसरली नाही.

सिम ‘लाइफटाइम’चं होतं. एकदा पैसे भरा, जन्मभर इनकमिंग फुकट, असं दुकानाच्या पाटीवरच लिहिलेलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. जन्मभर म्हणजे कुणाच्या जन्मभर, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

तरी दोन-तीन हंगाम फार छान गेले. आई सकाळी लाइट आली की ओट्यावर बसून रिंग द्यायची आणि शेजारणीला सांगायची, पाणी सोडलं बरं मी. आभाळ भरलेलं असलं तर सांगायची, आज न्हाई सोडत. गुडघे पसरून ओट्यावर बसलेली आई त्या दिवसांत मला फार रुबाबदार दिसायची.

आमची सगळी पिढीच मिस्ड कॉलवर वाढलेली आहे. मी नांदेडला शिकायला होते तेव्हा गाडीत बसले की एक रिंग, पोहोचले की दोन. वडिलांची एक रिंग आली तर सगळं बरं आहे, लागोपाठ तीन आल्या तर खाली जाऊन बूथवरून फोन कर. एवढ्यात आमचं भागायचं. आखाडा बाळापूरच्या बाजारात गेलेला माणूस घरी रिंग द्यायचा आणि घरची चहाचं आधण ठेवायची. गरिबानं गरिबासाठी शोधलेली ही बोली होती. त्यात कंपनीला कवडी मिळत नव्हती, आणि तीच गोष्ट तिला खुपत होती, हे कळायला मला उशीर लागला.

मग एकेक कंपनीनं इनकमिंगलाही रिचार्ज लावला. महिन्याचा म्हणतात आणि अठ्ठावीस दिवसांतच संपवतात. जो नुसता ऐकतो त्यानंही बोलणाऱ्याइतके मोजायचे. कारण सांगतात की टॉवरला खर्च येतो, नंबर मोजकेच असतात, न वापरणाऱ्यांनी ते अडवून ठेवू नयेत. हे सगळं खरंही असेल. पण आमच्या विहिरीच्या दोन रिंगांनी कोणता टॉवर वाकत होता? खरं कारण साधं आहे. स्वस्तातली गोष्ट ठेवली की लोक तीच घेतात, म्हणून ती ठेवायचीच नाही. माणसाला अर्धा कप चहा हवा असला तरी त्याच्या गळ्यात किटली मारायची, आणि नको म्हणाला तर कप काढून घ्यायचा.

आईच्या फोनला आम्ही रिचार्ज मारत होतो. विहिरीतल्या सिमलाही मारावा लागेल हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ते आमच्या लेखी सिम नव्हतंच, मोटरीचा एक भाग होता. पट्ट्याला किंवा नटबोल्टला कुणी रिचार्ज मारतं का?

त्या वर्षी फेब्रुवारीत हळद निघाली. मग रान तापायला टाकलं. मृगात बेणं लावलं, आणि पाऊस असा लागून राहिला की दिवाळीपर्यंत मोटरीची गरजच पडली नाही. एवढे महिने सिम गप्प होतं. कंपनीनं म्हणे कळवलं होतं. तुमची सेवा बंद होत आहे, तुमचा नंबर काढून घेतला जाईल, असे मेसेज एकामागून एक पाठवले होते. कुठे पाठवले? तर त्याच सिमवर. ओढ्यापलीकडे, पत्र्याच्या पेटीत, पाली आणि मुंग्यांना. नोटीस विहिरीला बजावली आणि विहिरीनं उत्तर दिलं नाही म्हणून नंबर जप्त केला. कागदावर सगळं बराबर.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि हळदीला पाणी लागायला लागलं. हे दिवस कंद पोसायचे. आईनं ओट्यावर बसून दोनचं बटण दाबलं. रिंग गेली, तिनं कट केली. आणि थोड्या वेळानं तिचा फोन वाजला. वर नाव आलं, मोटर. तिनं तो उचलला नाही, दुकानदाराच्या शिकवणीप्रमाणे लगेच कापला. दुपारी बंद करायची रिंग दिली, तेव्हाही तसाच उलटा फोन आला. त्या संध्याकाळी ती मला फोनवर खुशीत सांगत होती की मोटर यंदा शहाणी झाली, काम केलं की कळवून राहिली. मला वाटलं दुकानदारानं यंत्रात काही सुधारणा केली असेल. मी बरं म्हणाले आणि शाळेच्या गडबडीत विसरले.

दहा-बारा दिवस हे असंच चाललं. थंडीनं तिचे गुडघे धरले होते, त्यामुळे ती रानात गेली नव्हती. शेवटी काका घरी आले आणि म्हणाले, वैनी, पाणी काहून तोडलं इतक्या लवकर? हळद काढायच्या आधी पाणी तोडतात, तसं तिनं मुद्दाम तोडलं असं त्यांना वाटलं होतं. पानं पिवळी पडत चालली होती. आईचा विश्वासच बसेना. तिनं लगेच मला फोन केला.

रविवारी मी गेले. आईला काकांच्या मोटरसायकलवर बसवून रानात नेलं. ठिबकच्या नळ्या कोरड्या ठणठणीत, माती भेगाळलेली. पेटीजवळ उभं राहून आईनं माझ्यासमोर बटण दाबलं. रिंग जात होती. मोटर ढिम्म. आणि मग आईचा फोन वाजला, मोटर. तिनं सवयीनं कापायला अंगठा उचलला, तेवढ्यात मी तो तिच्या हातून घेतला आणि उचलला.

पलीकडे एक तरुण बाई होती. “कोण आहात तुम्ही? रोज मिस्ड कॉल देता, मी लावला की कापता. मी पोलिसांत जाणार आहे आता.”

मी विहिरीच्या काठावर उभी राहून तिला समजावत होते की आम्ही तुम्हाला नाही, मोटरीला फोन करतोय. सांगताना माझं मलाच ते वेड्यासारखं वाटत होतं. ती एका दवाखान्यात नर्स होती, बरीच लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. रात्रपाळी करून सकाळी झोपायची, आणि नेमकी तेव्हाच आईची रिंग. नंबर तिनं नुकताच घेतलेला, रीतसर कागदपत्रं देऊन. कुणीतरी मागे लागलंय या भीतीनं ती तो बदलायच्या विचारात होती. म्हणजे कंपनीनं एकच नंबर दोघींना विकला होता. एकीला त्यासोबत भीती दिली आणि दुसरीला खोटा दिलासा. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं हळूच विचारलं, मग आता तुमच्या पिकाचं काय? हा प्रश्न विचारणारी एवढी एकच व्यक्ती मला या सगळ्या प्रकरणात भेटली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकून कंपनीच्या दुकानात गेले. काचेचं दार, आत थंडगार हवा, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचं मोठं चित्र. काउंटरवरच्या माणसानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अतिशय नम्रपणे एकेक दार बंद केलं. तो नंबर परत मिळेल का? नाही. आमचा नंबर आम्हाला न विचारता दुसऱ्याला कसा दिला?

“नंबर तुमचा नसतो मॅडम,” तो म्हणाला. “कंपनीचा असतो. तुम्हाला फक्त वापरायला दिलेला असतो.”

मग त्याला कळलं की सिम यंत्रात होतं, तेव्हा त्यानं आणखी एक नियम काढला. हे सिम माणसांच्या वापरासाठी असतं, यंत्रात घालायची परवानगीच नाही. यंत्रांचे सिम वेगळे, ते मोठमोठ्या कंपन्या घाऊक घेतात. एका शेतकऱ्याला एक? तसं मिळत नाही. मी म्हणाले, निदान फक्त रिंगेचा एखादा पॅक द्या. तो हसला. नुसत्या बोलण्याचा एक पॅक होता म्हणे, पण तोही मी तीनदा विचारल्यावर निघाला, आणि त्यातही बोलणं अमर्याद, शिवाय पैसे एकदम तीन महिन्यांचे. रिंगेचा नव्हता. नियमानं यंत्राला सिम देता येत नाही, असं सांगणाऱ्या त्याच माणसानं मग मला एक नवं सिम विकलं आणि त्यावर पूर्ण पॅक मारून दिला. ते कुठे घालणार हे त्याला माहीत होतं. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बंदी वापरावर नव्हती, फुकट वापरावर होती. तिथेच तळपायाची आग मस्तकात गेली, पण पाणी तर द्यायचंच होतं. मी मुकाट्यानं सिम घेतलं.

तर अशी आमच्या विहिरीला शंभर मेसेजची मुभा मिळाली.

नवा नंबर आईच्या फोनमध्ये ‘मोटर’ म्हणून टाकला आणि पाणी सुरू झालं, पण पोसायच्या दिवसांत हळद तहानली ती तहानलीच. काढली तेव्हा हळकुंडं बारीक, बोटाऐवजी काडीसारखी. शिजवून वाळवल्यावर तर आणखीच आक्रसली. खळ्यावर बसून आई ती हातात घेऊन नुसती फिरवत होती. मी कंपनीला शिव्या घालत होते, तक्रार करू, वर लिहू, असं काहीबाही बोलत होते. तिला त्यात काही रस नव्हता.

“कंपनीचं काय घेऊन बसलीस,” ती म्हणाली. “माझी हळद तिकडं तहानेनं मरून राहिली आन् मी ओट्यावर बसून खुश. रानात जायला पाहिजे होतं मी.”

मला सगळ्यात जास्त राग याचा आला, आणि अजून येतो. चूक एकाची, आणि मान खाली घातली दुसरीनंच. ज्यांनी केलं ते थंड हवेत बसून हसतमुख होते. त्यांच्या गावीही नव्हतं की ओढ्यापलीकडे एका बाईचा स्वतःवरचा भरवसा त्यांनी मोडलाय.

पाडवा आम्ही करत नाही, आमचे सण वेगळे. पण आमच्याकडे शेतीची बोली पाडव्यालाच ठरते. त्या दिवशी काका आले, जयभीम घातला, पाणी प्यायले आणि इकडचं तिकडचं बोलत बसले. विषय आईनंच काढला. यंदापासून शेत बटईनं घ्या म्हणाली. मी मध्ये पडायला लागले तर तिनं हातानं गप्प केलं. मग काकांना म्हणाली, “समदं तुमच्या मनानं करा भाऊजी. मोटरीला रिंग मातर मी देणार.” काकांनी मान डोलावली. वैनी म्हणतील तसं, असं ते म्हणाले, आणि त्या वेळी ते मनापासूनच म्हणाले असतील.

पुढच्या हंगामात, थंडी सुरू व्हायच्या सुमारास, काका काही कामानं हिंगोलीला आले तेव्हा माझ्या घरी डोकावले. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून कागदाची घडी काढली. आत सिम होतं. दर महिन्याला त्या पेटीला कोण रिचार्ज मारत बसणार, म्हणून त्यांनी यंत्र काढून ऑटो लावला होता. आता लाइट आली की मोटर आपोआप चालू होते, गेली की बंद. रिंगेची गरजच नाही. सगळ्यांचं तसंच आहे आता. मी त्यांच्यावर चिडायला गेले, पण काय म्हणून चिडणार? बिनकामाच्या बोलण्याचे पैसे त्यांनी तरी का भरावेत? ते खाली बघत एवढंच म्हणाले, “वैनीला मी न्हाई सांगितलं. तूच काय ते बघ.”

मीही नाही सांगितलं. मी ते सिम एका जुन्या साध्या फोनमध्ये घातलं, आवाज बंद केला आणि फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिला. सकाळी डब्याची पोळी लाटत असते तेव्हा तो फोन उजळतो. आई, असं नाव येतं. दोन रिंगा, मग कट. तिकडे गावात ती शेजारणीला सांगत असणार, पाणी सोडलं बरं मी. ज्या दिवशी आभाळ भरलेलं असतं त्या दिवशी फोन उजळत नाही, म्हणजे आज पाणी नको असं तिनं ठरवलेलं असतं. शेतात मोटर चालूच असते.

मध्यंतरी गावी गेले होते. निघताना ती म्हणाली, “काकाला सांग गं, मोटरीचं सिम बंद पडू देऊ नको म्हणावं. आता तेवढंच ऱ्हायलं माझ्याकडं.” तिला काही कळलंय की नाही, मला सांगता येत नाही. मी सांगते म्हणाले.

काल त्या फोनवर मेसेज आला. तुमचा पॅक उद्या संपत आहे, इनकमिंग सुरू ठेवण्यासाठी त्वरित रिचार्ज करा. या वेळी तो पालीमुंग्यांना नाही, मला मिळाला. अमर्याद बोलणं, शंभर मेसेज, दीड जीबी, आणि पलीकडे ना मोटर, ना विहीर. रिंगेचा वेगळा पॅक ते का काढत नाहीत, हे मला आता कुणी समजावून सांगायला नको. प्रत्येकाची अशी एखादी आई असतेच, जिच्या दोन रिंगांसाठी तो सगळ्या ताटाचे पैसे मोजतो. मी तोंडात येईल ती शिवी हासडली आणि रिचार्ज मारला.